टेबलगाडी, सीलपॅक

३ सप्टेंबर

माघारी पाठवले. तीन हजार. चौथ्यांदा. सकाळी आईच्या फोनवर टाकायचे आणि दुपारपर्यंत दादानं परत ढकलायचे. निरोप न्हाय, शिवी पण न्हाय. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्याला वाटतंय पैसे पाठवून मी आप्पांच्या गेमच्या कॅसेटवर हक्क सांगतोय. सांगतोयच. आप्पा माझ्यादेखत म्हणलेले, नाथा, नववी पास झालास की ही तुझी. झालो न्हाय पास, ते सोडा. दादाला तर तेवढंही म्हणले नव्हते. तो म्हणतो दुकानाची हाय. कुठलं दुकान? आप्पांचे दोन टीव्ही आणि चार गेमची मशिनं भंगारात घातली, आता त्याच गाळ्यात मोबाईलच्या काचा बसवतोय. आणि कॅसेट कुटं हाय म्हणलं की नुसतं "हाय". विकली असणार. आप्पांच्या तेराव्याला सगळ्यांसमोर म्हणलो तसं, ताटावरनं उठलो, ते थेट परत हितं कटकला, गलाईच्या दुकानात चांदी वितळवायला. सव्वा वर्ष झालं. दोघं बोललो न्हाय.

खोकला. चांदीची मूस भट्टीतनं उतरवताना जास्त.

५ सप्टेंबर

बोटं पिवळी ती पिवळीच. तेजाबाचा डाग साबणानं जात न्हाय, कातडी सोलली की मगच जातो. चहावाली रोज हसती, "हल्दी लग गयी, शादी कब?"

दुर्गापूजेचं काम सुरू झालं. हितं देवीच्या मागं चांदीचा देखावा करतात, माणसाच्या दुप्पट उंच. त्यामुळं जुनी चांदी गलाईला लई येतीय. आज एका म्हातारीनं तारकामाचा मोर आणला. केसासारखी तार, पिसाऱ्याला फुंकर मारली तर थरथरायचा. म्हणली, करायला दोन महिने लागले होते. तात्यांनी (मालक, सांगोल्याकडचे, तीस वर्षं हितंच) मोर काट्यावर ठेवला आणि हिंदीत सांगितलं, आजी, आमी काम घेत न्हाय, चांदी घेतो. मोर माझ्याकडं सरकवला. मूशीत घातला. मान शेवटी बुडाली.

६ सप्टेंबर

आज जेवणाच्या सुट्टीत फोनवर एक बघितलं. जुने गेम जमवणारा एक माणूस, त्याचा व्हिडिओ. कुठं तरी परदेशात लिलाव झाला. आणि मागं चित्र, तेच. लाल खेळण्यातली गाडी, जेवायच्या टेबलावरनं पळतीय, एका बाजूला बशी, दुसऱ्या बाजूला काटा. आपली टेबलगाडी! पोरांनी ठेवलेलं नाव. खरं नाव इंग्रजीत, ते कधी कुणी वाचलंच न्हाय.

सीलपॅक असली तर लाखात जाती म्हणे. खेळलेली असली तर हजारात. तीन वेळा मागं घेऊन ऐकलं.

आपली सीलपॅकच हाय. माझ्या जन्माआधीची. आप्पा टॉवेलच्या गठ्ठ्यांचं पॅकिंग करायचे, तिथल्या शेठनी बाहेरदेशातनं येताना आणून दिली होती, तुमचं गेमचं दुकान हाय ना म्हणून. पण आपली मशिनं चायनाची, ही त्यांच्या खाचेत बसणार न्हाय हे आप्पांना खोका बघूनच कळलं. मग फोडायची कशाला. काचेच्या कपाटात मधोमध ठेवली. पोरं नुसती बघायला यायची, म्हणायची काका, एकदा लावा की. आप्पा म्हणायचे, ओरिजनल हाय, लावायची नस्ती. दर खंडेनवमीला सगळ्या मशिनांबरोबर तिलापण हळदकुंकवाचं बोट. प्लास्टिकवरनंच.

म्हणजे कुणी खेळलं न्हाय म्हणून तिला पैसे. आणि मोर गेला मूशीत.

८ सप्टेंबर

त्या माणसाला लिहिलं. बेंगलोरचा हाय. हिंदीत उत्तर आलं, सहा बाजूंनी फोटो भेजो. प्लास्टिक फटा तो नहीं? मी म्हणलो नहीं फटा. मी सव्वा वर्षात बघितली न्हाय आणि नहीं फटा म्हणलो.

आता दादाला फोन करणं आलं.

९ सप्टेंबर

केला. आईनं उचलला, माझा आवाज ऐकून रडायला लागली, मग खोकला ऐकून ओरडायला लागली. मग म्हणली थांब, देते. मी नगं म्हणायच्या आत फोन दादाकडं.

"बोल."

सांगितलं सगळं. मागं रिक्षांचे हॉर्न, सोलापूरच्या नवी पेठेतला तोच गोंगाट.

"कॅसेट हाय," म्हणला. "आईच्या ट्रंकेत. फोटो काढतो."

एवढंच. पण कॅसेट हाय म्हणला.

११ सप्टेंबर

फोटो आले, लगेच बेंगलोरवाल्याला पाठवले. लाल डाग कसला विचारतो. सांगितलं पूजेचं कुंकू. म्हणला वो तो मैं साफ करवा लूँगा. मग आकडा लिहिला. एक लाख चाळीस हजार. रोख. २० तारखेला स्वतः सोलापूरला येतो, हातात घेऊन बघतो, पैसे देऊन जातो.

दादाला फोन, आईच्याच नंबरवर. ह्या वेळी त्यानंच उचलला.

"किती?"

"एक चाळीस."

"हजार?"

"लाख."

"नाथा, मस्करी करू नको, दुकानात गिऱ्हाईक हाय."

मग त्यानं सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. गाळ्याच्या मालकानं एक लाख डिपॉझिट मागितलंय. घटस्थापनेपर्यंत दिलं तर ठीक, न्हायतर गाळा शेजारच्या साडीवाल्याला. आप्पांचा गाळा. म्हणला, "पैसे आले तर गाळा राहतोय. आणि तू ये माघारी. ते तेजाब बास झालं. आई सांगत होती डॉक्टर तुझ्या खोकल्याचं काय म्हणला ते. दोन टेबलं टाकू, एकावर तू, एकावर मी. काच बसवायला शिकवतो तुला, गाढवालापण येती."

"म्हणून तुला आली व्हय?"

हसला. दादा हसला.

१२ सप्टेंबर

तात्यांना सांगितलं, दिवाळीनंतर मी न्हाय. "बघू," म्हणले. सगळीच पोरं असं म्हणतात.

दिवसभर खोकलो, पण वाईट वाटलं न्हाय.

१३ सप्टेंबर

शेण खाल्लं आज.

तात्या बँकेत गेलेले. एक बाई आली, चांदीची दोन जाड कडी घेऊन. नवरा दवाखान्यात, रडत होती. नेहमी कोपऱ्यातनं मोहरीएवढा तुकडा कापून आधी तपासायचा, नेम हाय. तिच्या रडण्यानं मी कापलं न्हाय. वजन केलं, पैसे दिले. तात्या आल्यावर त्यांनी कानस मारली, तेजाबाचा थेंब सोडला. हिरवा फेस. आत तांबं, वर चांदीचं पाणी.

मारलं न्हाय त्यांनी. पगारातनं कापणार. एवढंच म्हणले, "रडणाऱ्याचं आदी कापायचं. आपल्या माणसाचं तर त्याच्याबी आदी."

"आपल्या माणसाचं" का म्हणले?

१४ सप्टेंबर

रविवार, भट्टी बंद. फोटो मोठे करून बघत बसलो. मागच्या बाजूचा. प्लास्टिकचा जोड वाकडा हाय. समोरून ताणलेलं, मागं एका कोपऱ्याला सुरकुती. कंपनीचा जोड असा वाकडा असंल?

दादाकडं काच सोडवायला गरम हवेचं मशीन हाय. प्लास्टिक बसवायला तेवढं पुरतं.

आप्पा दवाखान्यात होते तेव्हा दोन महिने पैसे कुठनं आले? मी पाठवत होतो त्यात भागत नव्हतं. मी विचारलेलं तेव्हा म्हणला, "झालं कुठनं तरी."

आत काय असंल?

बेंगलोरवाला सोलापूरला येऊन हातात घेणार. खोटी निघाली तर आईसमोर... आणि लिहिलं मी हाय, नाव माझं.

१५ सप्टेंबर

कामात लक्ष न्हाय. डोक्यात तेच, हिरवा फेस.

उद्या विचारतो सरळ. विचारायचं काय त्यात, मोहरीएवढं कापून बघायचं. दागिन्याला तेवढ्यानं काय होतंय? वजनात पण येत न्हाय.

१६ सप्टेंबर

हे लिहून ठेवतो म्हणजे पुढं मी फिरवायला नको.

दुपारी व्हिडिओ कॉल केला. दादा गाळ्यात, आई डबा घेऊन आलेली. कॅसेट आणायला सांगितलं होतं, ती काउंटरवर. सव्वा वर्षानं बघितली. लहान वाटली.

"दादा, खालनं जरा काप."

"काय?"

"कोपऱ्यातनं, मोहरीएवढं. आमच्याकडं असंच करत्यात. आत खरं हाय का तेवढंच बघायचं."

"नाथा, सोनं न्हाय ते. तो माणूस प्लास्टिकचंच पैसं देतोय."

"तळाला हाय, दिसणारपण न्हाय. मोहरीएवढ्यानं काय जातंय?"

"आणि आत काय असंल म्हणतोस?"

मी पडद्यावर तो वाकडा जोड शोधत होतो.

"बोल की. काय असंल? वीट?"

आई म्हणली, "सुभाष, ऱ्हाऊ दे. नाथा, गप की रे."

मी म्हणलो, "भ्या वाटत नसंल तर काप की." हे मी म्हणलो. कुणी शिकवलं न्हाय, दारू पिलेलो नव्हतो. भर दुपारी.

दादानं फोन डब्याला टेकवला. काच उचलायचं पातळ पातं घेतलं. खरंच मोहरीएवढंच कापलं त्यानं, खालच्या कोपऱ्यात. हात लई चांगला हाय त्याचा. पातं बाजूला ठेवलं, आणि मग ते प्लास्टिक आपणहून फाटायला लागलं. कुणी ओढलं न्हाय. इतक्या वर्षांचं ताणलेलं, वाळलेलं. त्या चिरेतनं एक रेघ निघाली, तळ चढून समोर आली, बशीवरनं, लाल गाडीवरनं, वरच्या कोपऱ्यापर्यंत. टर्र. फोनमधून ऐकू आलं.

तिघं बघत राहिलो.

मग दादानं उरलेलं प्लास्टिक दोन्ही हातांनी काढलं. खोका उघडला. "हे बघ. कॅसेट. ही बघ." कॅमेऱ्याला भिडवली. काळी, नवी कोरी, वर लाल गाडी. "हे पुस्तक. हे बी बघ, पान उघडून दाखवतो. अजून काय दाखवू? वीट कुटं हाय, नाथा?"

खरी होती. कंपनीनंच जोड वाकडा मारलेला.

फोन आडवा पडला, कट झाला न्हाय. वर पंखा दिसत होता. आई खाली वाकून काहीतरी गोळा करत होती, त्याचा चुरचुर आवाज. मग तिचा पदर आला आणि कॉल बंद.

१७ सप्टेंबर

भट्टी. सहा मूशी.

जेवलो न्हाय.

१८ सप्टेंबर

आईच्या फोनवर दादाला लिहिलं: दादा, तुझ्या गरम हवेच्या मशिनवर परत पॅक करता यील का, कुणाला कळणार न्हाय. पाठवलं. पाठवल्यावर कळलं काय लिहिलंय.

अर्ध्या तासानं त्याचं एकच आलं. "हेच मी केलं म्हणत होतास ना."

बेंगलोरवाल्याला खरं सांगितलं. फोटो पाठवला. त्यानं रडक्या तोंडाचं चित्र पाठवलं. काटा क्यों भाई? मी काय सांगू. हमारे धंधे में काटके देखते हैं, लिहिलं. म्हणला, हमारे धंधे में काटने से ही मरता है. आता नौ हज़ार, वो भी आपके लिए. कुरियर कर दो, मैं नहीं आऊँगा.

दादाला नऊचा आकडा कळवला. नुसती बघितल्याची खूण आली.

२० सप्टेंबर

आज तो सोलापूरला येणार होता.

नवी पेठेत गाळा सापडला नसता त्याला. दादा कोपऱ्यावर न्यायला गेला असता. आईनं पोहे केले असते. असं बसून बसून सगळं झालं माझ्या डोक्यात, चहापर्यंत.

२२ सप्टेंबर

घटस्थापना. आईनं सांगितलं, गाळा गेला. साडीवाल्यानं मधली भिंत आजच फोडायला घेतली. दादाचं सामान तीन खोक्यांत घरी आलंय. आप्पांचं काचेचं कपाट दारातनं आत बसत न्हाय, बाहेरच उभं हाय, वर गोणपाट टाकून. दादा एका दुकानाच्या पायरीवर टेबल टाकून बसणार. तिथल्या लोकांनी दोन दिवस बसू दिलं, पुढचं म्हाईत न्हाय.

"तू जेवतोस का?" आईनं विचारलं.

"दादा काय म्हणतो?"

"काय म्हणणार. जेव तू."

२४ सप्टेंबर

तात्या: "दिवाळीनंतर जायचं म्हणत होतास. दुसरा माणूस बघू का?"

म्हणलो नगं.

त्यांनी पुढं विचारलं न्हाय. झाडलोट माझ्याकडं दिली. दुकानातली धूळसुद्धा हितं फेकत न्हाईत, पिंपात साठवतात, हात धुतलेलं पाणीसुद्धा. वर्षानं त्यातनं चांदी निघते. आज झाडताना त्या मोराची एक तार सापडली, पिसाऱ्यातली. नखाएवढी. पिंपात टाकली. टाकायला पाहिजे होती का न्हाय, ठाऊक न्हाय.

२७ सप्टेंबर

आईचा फोन. आज तिनंच केला, शेजारणीच्या फोनवरनं. तिचा फोन घेऊन दादा पायरीवर गेलेला.

मी विचारलं, आई, आप्पा दवाखान्यात होते तेव्हा पैसे कुठनं आणले दादानं?

"माझ्या पाटल्या," म्हणली. "मीच म्हणलं नाथाला सांगू नको. तू तेच काम करतोस, तुझ्या डोळ्यांसमोर येत राहील ते वितळवणं."

मी भट्टीकडं पाठ करून बसलो.

मग आपली सहज सांगितल्यागत सांगायला लागली. भंगारवाला मशिनं न्यायला आला, तर कपाटातल्या कॅसेटचेपण पाचशे देतो म्हणत होता. दादानं सगळं दिलं, तेवढी दिली न्हाय. "म्हणला, ती नाथाची हाय. दिली तर बोंबलत यील कटकवरनं."

हसली. मी पण हसलो, मग खोकला लागला तो थांबेना. ती तिकडं घाबरून नाथा नाथा करत राहिली.

"ते प्लास्टिक काय केलंस?" विचारलं.

"कुठलं?"

"फाटलेलं."

"देवापाशी हाय. आप्पांच्या हातचं कुंकू हाय की रे त्यावर."

२९ सप्टेंबर

दादा माझ्याशी भांडताना दुकानाची म्हणायचा. लोकांना सांगताना नाथाची.

मी दोन्हीकडं माझी म्हणत होतो.

पगार झाला. कड्यांचे कापून. तात्यांनी म्हणलेल्यापेक्षा कमी कापले. विचारलं तर म्हणले, मोजता येत न्हाय मला.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. सकाळी भट्टी थंड केली, धुतली. काटा, चिमटे, मूशी, तेजाबाच्या बरण्या मांडल्या. तात्यांनी सगळ्यांना हळदकुंकू लावलं, मग मला म्हणले हात कर, आणि माझ्या बोटांनापण लावलं. पिवळ्यावर हळद दिसली न्हाय. कुंकू दिसलं.

बाहेर देवीच्या चांदीच्या देखाव्यासमोर एवढी गर्दी की रस्ता बंद. आपली चांदी त्यात कुटं तरी हाय. आजीचा मोरसुद्धा.

अकरा वाजता दादाचा फोटो आला. निरोप न्हाय, नुसता फोटो. पाटावर पातं, छोटे स्क्रूड्रायव्हर, गरम हवेचं मशीन. मधोमध टेबलगाडी, प्लास्टिक न्हाय. ह्या वेळी कुंकवाचं बोट थेट पुठ्ठ्यावर, लाल गाडीच्या शेजारी. आता ते कुणाला पुसता येणार न्हाय. बेंगलोरवाला नऊसुद्धा देणार न्हाय.

किती वेळ बघत होतो.

मग दादाला लिहिलं:

दादा, टेबलगाडीला गिऱ्हाईक मिळालं. ओळखीतला हाय, कटकचा. बेंगलोरवाल्याच्याच भावात घेतो म्हणतो. कुरियर करू नको, वस्तू तितंच कपाटात ठेव म्हणतो. कपाट आत घ्यायचं असंल तर दार काढ, भिंत नको फोडू. आप्पांनी मला दिली नव्हती. नववी झालीच न्हाय माझी. दुकानाची हाय ती, दुकानाकडनं इकत घेतोय. पैसे माघारी पाठवायचे असतील तर वस्तूसकट पाठव.

ह्या वेळी आईच्या फोनवर न्हाय, त्याच्याच नंबरवर. त्यानं कधी दिला न्हाय, गाळ्याच्या पाटीवरचा पाठ हाय मला.

पाठवतोय: नऊ हजार.